तारेच्या आतलं पाणी

सिरगुंडी, ज्येष्ठ वद्य ४, शके १८५८

अण्णास सुमनचा नमस्कार.

पत्र वाचायला बसण्याआधी मायला हाक मार आणि दोघं ओसरीवर बसा. बातमी तशीच आहे. आमचं स्टेशन पुन्हा उघडणार!

आठ वर्षांपूर्वी पूर आला, भिंत खचली, छत बसलं आणि सरकारनं कुलूप लावलं. तेव्हापासून गाड्या आमच्या नाकासमोरून शिट्टी मारत निघून जातात आणि आम्ही बांधावरून बघत बसतो. आता हैदराबादहून हुकूम आलाय की आपल्या आज्यांच्या वेळचं हे स्टेशन जसं होतं तसंच उभं करायचं. तशाच कमानी, तीच शहाबादी फरशी, कमानींवर तीच हिरवी काच. पंचवीस-तीस माणसं कामाला लागली आहेत. छिन्नीचा आवाज सकाळपासून घरात ऐकू येतो आणि माझं पीठ चाळता चाळता अर्धं परातीबाहेर जातं.

गंमत ऐक. स्टेशन बंद पडलं तेव्हा गावानं एकेक वस्तू घरी नेली होती. चोरी म्हणायची नाही, 'सांभाळायला' नेली. आता दवंडी पिटली की ज्यानं त्यानं परत आणून द्यावं, कुणाला काही विचारणार नाही. तर मैलाराच्या देवळातून घंटा आली, चावडीतून दोन दारं आली आणि आमच्या गोठ्यातली गव्हाणीची फळी म्हणजे मुसाफिरखान्याचा बाक निघाली! सासूबाई म्हणाल्या, मामंजींनी पुरातून वाचवून आणली होती. म्हशीनं कडेनं चाटून गुळगुळीत केलीय, बसणाऱ्याला बरंच झालं.

आता मुद्द्याचं सांगते, नीट वाचून दाखव. मी फार विचार केलाय.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या गावचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत. ती मोड असं मी कधी म्हटलेलं नाही. पण माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली आणि मायनं माझ्या हातचा घास एकदाही खाल्ला नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा ती बैलगाडीनं तीन दिवस हाडं खिळखिळी करत आली, सोबत भाकरी आणि तांब्याच्या कळशीत निर्ण्याचं पाणी घेऊन. दोन दिवस उशाशी बसली. कळशीतलं पाणी संपलं आणि माय परत जायला उठली. मी ग्लानीत होते, पण तिनं कळशी उपडी करून बघितली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तर अण्णा, स्टेशनला चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलंय. तारेच्या आत जे आहे ते सरकारचं. ते आमचं घर नाही आणि सिरगुंडी गावही नाही. जमीन सरकारची, विहीर सरकारची, बाक सरकारचा (म्हशीनं चाटला तरी). मायनं पहिल्या गाडीनं यावं, तारेच्या आत बसावं, माझ्याशी पोटभर बोलावं, जेवावं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जावं. आता तुमच्याकडं झहिराबादला गाडी आहेच. विकाराबादला फक्त बदलायची.

रीतही राहील आणि मायही येईल. लवकर लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी
सुमन

निर्णा, ज्येष्ठ वद्य अमावास्या

चि. सौ. सुमनला अप्पारावाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं आणि घरात कोर्ट भरलं. मी वाचलं, मायनं ऐकलं, पुन्हा वाचायला लावलं, मग कुंपणाचा मजकूर तिसऱ्यांदा. एवढं लक्ष तिनं पोथीकडंही कधी दिलं नसेल.

मग सवाल सुरू झाले. तार सगळीकडून आहे का, का एखाद्या बाजूनं गावाला चिकटलीय? मी सांगितलं, सुमन म्हणते चारी बाजूंनी. त्या जमिनीचा सारा कोण भरतं? मी म्हटलं, सरकार स्वतःच स्वतःला कशाला सारा भरेल. हे तिला पटलं. पण खात्री म्हणून ती शेजारच्या काशाप्पा मामाकडं गेली, कारण चिटगुप्प्याच्या बाजारापलीकडचं जग त्यांनाच ठाऊक. मामा म्हणाले, रेल्वेची जागा म्हणजे खुद्द सरकारची ओसरी, तिथं बसणारा सरकारचा पाहुणा. हे ऐकून माय घरी आली ती जरा ताठच चालत आली.

तुझी वैनी म्हणाली, आता तर जायला हरकत नाही. माय म्हणाली, "मी जायलेय असं कुणी म्हटलं? मी नुस्ती इचारायलेय."

पण त्याच दिवशी तिनं गव्हाचं पोतं उन्हात टाकलं. आगगाडीत बसून चक्कर येते का, तोंड कुठल्या दिशेला करून बसायचं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असते. तू समजून घे.

पाव्हण्यांना, अंकुशरावांना, नमस्कार सांग. स्टेशन कधी उघडणार ते नक्की कळव.

अप्पाराव

सिरगुंडी, आषाढ शुद्ध ७

अण्णास नमस्कार.

दिवस ठरला! श्रावणातली पंचमी. महादेवप्पा म्हणून नवे स्टेशन मास्तर आलेत, त्यांनी ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी जेवता जेवता मला सांगितलं, जसं काही आज बाजार आहे असं सांगावं. मी ताटात आमटी वाढत होते, ती वाढतच राहिले.

पंचमीला लेकीनं माहेरी जायचं असतं ना? यंदा माझं माहेरच गाडीत बसून येणार.

मी रोज संध्याकाळी तारेपर्यंत जाऊन येते. काय देखणं दिसतंय रे! काळी फरशी घासून अशी केलीय की तोंड दिसतं. हिरव्या काचेतून ऊन आत पडलं की सगळा मुसाफिरखाना मुगाच्या शेतासारखा होतो. नावाची पाटी रंगवायला गुलबर्ग्याहून पेंटर आला होता. उर्दू झालं, इंग्रजी झालं, कानडी झालं, मराठीपाशी येऊन त्याचा पांढरा रंग संपला. दोन दिवस आमचं गाव नुसतं 'सिर' होतं. रंग आला आणि गुंडी लागली.

पाणी पाजायला बाणूबाई नेमलीय. धनगराघरची, बोलायला तिखट, पण कळश्या अशा घासते की बघत राहावं.

आता जेवणाचं. पंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तेव्हा पुरणाची दिंडं करायची. मास्तरांनी मागच्या लिंबाखाली तीन दगड मांडायला परवानगी दिलीय. कुंपणाच्या आत, मी पावलं टाकून बघितलं. मायनं येताना घरचं पीठ, पुरण आणि तूप आणावं. तिथं मी कणीक भिजवते, दिंडं भरते, वाफवते. पीठ निर्ण्याचं, पाणी सरकारचं, फक्त हात माझे. हाताला काय घर असतं का? तिला एवढं विचार.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या ओसरीला कधी टेकली न्हाई तुझी माय. ठेसनात तर ठेसनात." त्यांना वाईट वाटतं, अण्णा. दाखवत नाहीत एवढंच.

सुमन

निर्णा, आषाढ शुद्ध पौर्णिमा

चि. सौ. सुमनला आशीर्वाद.

विचारलं. माय स्वतःच्याच हातांकडं बघत बसली. मग म्हणाली, "हाताला घर नसतं. हात माझ्याच पोटातून आलेत."

तेव्हा येतेय. दळण सुरू आहे. जात्यावर ओवी म्हणते आणि ओवीत आगिनगाडी घालते.

मला मात्र येता येणार नाही. डाव्या बैलाचा खांदा सुजलाय आणि कोळपणी थांबवता येत नाही. मनातून फार वाईट वाटतं. आपल्या गावचा रामलिंग घोंगड्या विकायला वाडी जंक्शनला जातोय, तो मायला घेऊन येईल आणि परतीच्या गाडीत बसवून देईल. विकाराबादला काशाप्पा मामाचा मुलगा उतरवून घेईल. तुझ्याकडं येताना रात्र दोघं तिथल्याच मुसाफिरखान्यात काढतील.

एक गोष्ट तुला सांगायची होती. ती कळशी. तुझ्याकडं नेली होती ती. मी घासून चिंच लावून ठेवली, तर मायनं ती उचलून खुंटीला अडकवली. म्हणाली, सरकारचं पाणी आहे तर हे ओझं कामून न्यायचं?

अप्पाराव

सिरगुंडी, आषाढ वद्य १०

अण्णा,

हे पत्र मायसमोर वाचू नकोस. गोठ्यात जा, शेतात जा, पण मोठ्यानं वाचू नकोस.

घोटाळा झालाय. स्टेशनच्या विहिरीत पुराचा गाळ होता, तो काढला. पाणी लागलं, गावानं गूळ वाटला. काल बाणूबाईनं पहिली कळशी काढून तोंडाला लावली आणि तिथंच थुंकली. पाणी खारट झालंय. मास्तरांनी चाखलं, ह्यांनी चाखलं, सगळ्यांची तोंडं वाकडी. साहेब लोक येणार, पाचशे माणूस जमणार आणि प्यायला पाणी नाही.

मग मास्तर ह्यांच्याकडं आले. कुंपणाला लागून आमचंच शेत आहे ना, त्यातली विहीर गोड. पूर्वी स्टेशनची विहीर आटली की मामंजी हीच विहीर देत. हे लगेच हो म्हणाले. गावाची अब्रू होती, दुसरं काय म्हणणार? सासूबाईंना केवढा आनंद झाला. म्हणाल्या, सरकार आपलं पाणी पितंय.

आणि मी चुलीपुढं बसून रडले. अण्णा, तारेच्या आत आता पाणी येणार ते माझ्याच घरचं. कणीक त्याच्यात भिजणार, दिंडं त्याच्या वाफेवर शिजणार, माय तेच पिणार.

सांगितलं तर ती कळशी खुंटीवरून काढेल, नाहीतर येणारच नाही. न सांगावं तर तिची एवढ्या वर्षांची रीत मी फसवून मोडली असं होईल. मायला फसवून जेवू घालायचं म्हणजे ते जेवण कसलं?

तूच काय ते सांग. मला काही सुचत नाही.

सुमन

निर्णा, आषाढ वद्य अमावास्या

चि. सौ. सुमनला आशीर्वाद.

तुझी पहिली ओळ मी मोठ्यानं वाचली. काय करणार, सवय. "हे पत्र मायसमोर वाचू नकोस," एवढं बाहेर पडलं आणि माय समोर. मी म्हटलं, सुमनच्या सासरी म्हशीचं काहीतरी नाजूक दुखणं आहे. ती म्हणाली, म्हशीचं दुखणं मला सांगायला कसली लाज, मी का म्हशी बघितल्या नाहीत? आणि उठून आत गेली. ओळखलं असेल की नाही, देव जाणे. मला खोटं बोलता येत नाही हे तिला माझ्या जन्मापासून माहीत आहे.

पत्र शेतात वाचलं. माझं मत विचारशील तर, सांगू नकोस. पाणी ते पाणी. कळशी गुपचूप भरून रामलिंगाजवळ देईन म्हटलं, तर खुंटीपाशी मायनंच हटकलं, "ठेव तिथं." तेव्हा तेही जमलं नाही.

पण तुला मी ओळखतो. न सांगता तुला घास जायचा नाही. तेव्हा समोर आल्यावर तुझ्या मनाला येईल ते कर, मी काही झालं तरी तुझ्या बाजूनं आहे. एवढंच की आधी दिंडं होऊ दे, तिला तुझ्याकडं पोटभर बघू दे, मग सांग.

मायनं नवं लुगडं काढलंय. गाडीला ओवाळायला म्हणून हळदकुंकवाची पुडीही घेतलीय.

अप्पाराव

सिरगुंडी, श्रावण शुद्ध ७

अण्णा,

दोन दिवस झाले, अजून कानात शिट्टी वाजतेय. सगळं सांगते.

सकाळपासून माणूस जमला होता. कमानींना आंब्याचे टाळे, घंटेला झेंडूची माळ. आमच्या जुन्या बाकावर हैदराबादचे साहेब बसले होते. त्यांनी उर्दूतून भाषण केलं, कुणाला कळलं, कुणाला नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली. मग लांबून धूर दिसला. अण्णा, आठ वर्षं ती गाडी आमच्यासमोरून निघून जात होती. आता जाईल की थांबेल, असं खरंच वाटलं रे! सगळं गाव श्वास रोखून उभं. मग तिचा वेग कमी झाला, चाकं कुरकुरली आणि ती थांबली. आमच्यापाशी थांबली. सासूबाई माझा दंड धरून रडत होत्या आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

माय तिसऱ्या डब्यातून उतरली, बैलगाडीतून उतरावं तशी पाठमोरी. खाली पाय टेकले ते थेट इंजिनाकडं गेली. चाकाला हळदकुंकू लावलं, ड्रायव्हरला ओवाळलं. तो बिचारा मुसलमान, अंगभर कोळसा, पण त्यानं मान खाली करून टिळा लावून घेतला. मग ती माझ्याकडं वळली. तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलीस गं." बाकी काही नाही.

सासूबाई पुढं झाल्या. दोघी विहिणींनी एकमेकींना कुंकू लावलं. घराचं नाव कुणी काढलं नाही.

लिंबाखाली चूल पेटवली. मी पातेलं मांडलं आणि बाणूबाई कळशी घेऊन आली. तिनं मायला तांब्या भरून दिला. मी म्हटलं आता सांगायचंच. तू म्हणाला होतास आधी दिंडं होऊ दे, पण मला धीर नव्हता. "माय, हे पाणी..." एवढं बोलले. मायनं तोवर एक घोट घेतला होता. तो तिनं तोंडात तसाच धरला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं प्रवासानं दमलीय, गिळायला त्रास होतोय. मग गिळला, उरलेला तांब्या गटागटा प्यायली आणि बाणूबाईपुढं रिकामा तांब्या धरला. "आणिक घाल गं बाई," म्हणाली, "लई तहान लागलीय."

दुसरा तांब्याही प्यायली. मग मला म्हणाली, "बघायलीस काय, कणीक भिजव."

आणि मी भिजवली, अण्णा. बोलायला जाई, ती काहीतरी विचारी. म्हैस कशी आहे, जावेची पोरं कशी आहेत, हिरवी काच कुठून आणली. मी दिंडं केली. तिनं पाच खाल्ली. माझ्या हातची पाच दिंडं, वर तूप घालून! सहावं अर्धं मोडून तिनं मला भरवलं. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता आणि प्रत्येक घासाला ते पाणी आठवत होतं.

संध्याकाळची गाडी आली. मी खिडकीपाशी उभी राहिले, गाडी हलली आणि मी सांगितलं नाही.

आता तूच सांग तिला. पत्र मोठ्यानं वाच, सगळं वाच, ते पाण्याचं आधीचं पत्रही वाच. रागावली तर रागावू दे. तिला न सांगता पाजलेलं पाणी माझ्या जिवाला लागलंय.

सुमन

निर्णा, श्रावण शुद्ध पौर्णिमा

चि. सौ. सुमनला आशीर्वाद.

दोन्ही पत्रं वाचली, एक अक्षर न गाळता. माय खांबाला टेकून ऐकत होती. म्हणाली, आता मी सांगते ते लिही, आणि तुझं शहाणपण मधी घालू नकोस. तेव्हा इथून पुढचं सगळं तिचं आहे.

सुमे,

तुझं लगीन ठरवायला तुझा बाप सिरगुंडीला गेला हुता. पोरगी द्यायची तर आधी पाणी बघावं असं आपल्यात म्हणतात. त्यानं अंकुशरावाचं घर बघितलं, शेत बघितलं न् शेतातल्या ह्याच हिरीचं पाणी तांब्यात भरून, तोंड बांधून, तीन दिवस गाडीत सांभाळून आणलं. मला म्हणाला, चाख, आपली लेक या पाण्यावर जगायची हाय. मी चाखलं. गोड पाणी, मागून जराशी चुन्याची चव. मी म्हटलं, द्या पोरगी.

मग लगीन झालं न् मी तोंड बांधून घेतलं.

ठेसनात पहिला घोट घेतला तवाच वळखलं. तुझ्या बापाची आठवण झाली, म्हणून जरा तोंडात धरला. मग तुझ्याकडं बघितलं. तू सांगायलीस न् भ्यायलीस, दोन्ही एकदम. तुला सांगावं लागू नये म्हणून मी दुसरा तांब्या मागितला. मला कुणी फसवलं न्हाई. मी जाणून प्याले.

तू तापानं फणफणत हुतीस न् मी पाणी संपलं म्हणून उठले. गाडीत बसून निर्ण्यापस्तोर रडत आले. रीत माझी हुती, तहान तुझी हुती. ते माझ्या घशात अडकून बसलं हुतं, ते त्या पाण्यानं खाली उतरलं.

नातू यायचा तवा येईल. न्हाई आला तर न्हाई. लेक तर कवाची आलेली हाय.

ज्वारीची पेरणी उरकली की मी यायलेय. ठेसनात थांबणार न्हाई, तारेच्या बाहेर येणार हाय. तुझ्या सासूला सांग, ओसरीवर माझा पाट मांडून ठेवा. चार दिवस राहीन.

कळशी खुंटीलाच राहू दे म्हटलंय तुझ्या वैनीला.

तुझी माय
राजूबाई